डब्यातल्या बारा गोळ्या

माझा धाकटा अटॅकनं गेला, असं मी सांगितलं होतं. आणि आमच्या रांगेत मी सांगितलं की ते खरं असतं.

रांग म्हणजे बावीस घरं, पत्र्याची, एकमेकांना पाठ टेकून बसलेली. पुढं चालू खाण, मागं बंद पडलेली खाण. बंद खाणीच्या खड्ड्यात बारा महिने हिरवं पाणी, आणि त्यावर डास इतके की मालक ते आणि आम्ही भाडेकरू. इथं सगळ्यात आधी राहायला आले ती मी. तोंडावर सगळे मावशी म्हणतात, माझ्याहून चार वर्षांनी मोठा असलेला टायरवालासुद्धा, आणि पाठीमागं मुकादमीण. मला दोन्ही चालतं. शाळा दुसरीपर्यंत झाली, पण सही ठसठशीत करते, आणि दाभण-सुतळीनं ट्रकच्या ताडपत्र्या अशा शिवते की खाणीतले ड्रायव्हर दुसऱ्या कुणाकडून टाका घालून घेत नाहीत.

धाकट्याला जाऊन आठ महिने झाले तेव्हा फॉर्मवाली पहिल्यांदा आली. तिशीची असेल. बूट धुळीनं पांढरे, खांद्याला जड पिशवी. म्हणाली, "आजी, मोजणी चाललीय. गेल्या दोन वर्षांत ज्या घरात कुणी वारलं, तिथं जाऊन कसं वारलं ते विचारायचं. दवाखान्यात जातात त्यांची नोंद होते. घरी जातात ते कुठल्याच कागदावर येत नाहीत."

मी ताडपत्रीवर बसले होते. मान वर न करता म्हटलं, "अटॅक."

"त्याआधी काही आजार? ताप, खोकला, जुलाब?"

"काही नाही. उभा होता तो बसला, आणि बसला तो उठला नाही."

तिनं दाराकडं बघितलं. तिथं माझी धाकटी सून उभी होती. नखानं चौकटीच्या रंगाचा पोपडा काढत होती. फॉर्मवाली तिला म्हणाली, "ताई, तुम्ही होतात ना जवळ?"

"तिला काय विचारतेस," मी म्हटलं, "घरात बोलायला मी आहे."

फॉर्म भरला. मी सही केली. फॉर्मवालीनं सहीचं कौतुक केलं ते मला आवडलं, हे पण सांगून ठेवते, कारण पुढं तीच सही माझ्या नाकावर आपटली.

आता खरं काय ते सांगते. धाकट्याला ताप आला होता. थंडी वाजून, दात वाजून, दोन गोधड्या घालून वर मी बसले तरी खाट हलत होती. कंपाउंडरनं गोळ्यांचं पाकीट दिलं. चोवीस गोळ्या. चार सकाळी, चार संध्याकाळी, तीन दिवस. दुसऱ्या दिवशी दुपारी घाम फुटला, ताप उतरला, त्यानं भाकरी मागितली. बारा गोळ्या पोटात गेल्या होत्या. उरलेल्या बारा मी डब्यात ठेवल्या.

आमच्याकडं ही रीतच होती. प्रत्येक घरात असा डबा. ताप उतरला की गोळी बंद, आणि उरलेली पुढच्या तापाला. दवाखाना नऊ किलोमीटर लांब, तिथं पाकीट कधी असतं, कधी नसतं. डबा भरलेला असला की बाईला धीर असतो. नव्या सुना आल्या की त्यांना मीच शिकवत होते.

अठरा दिवसांनी ताप परत आला. सकाळी कामावरून परत पाठवलं, दुपारी तो मला ओळखेना. बायकोला म्हणाला, "ताई, पाणी द्या." मी डबा उघडला. पण त्याचे दात असे आवळले होते की चमचा जाईना, गोळी कुठली जाते. थोरला मुलगा खाणीवर डंपर चालवतो, त्यानं डंपर काढला. दवाखान्याच्या फाटकापाशी पोचेपर्यंत संपलं होतं. फाटकातूनच परत आणला, म्हणून कागद नाही.

मग अटॅक का म्हटलं? कारण अटॅकनं गेला म्हटलं की लोक चुकचुकतात आणि घरी जातात. तापानं गेला म्हटलं की थांबतात आणि विचारतात, घरात बघायला कुणी नव्हतं का, औषध दिलं नव्हतं का. दिलं होतं. निम्मं. झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं मी ठरवलं, आणि मुठीत माझा मुलगा होता.

दोन महिन्यांनी थोरला कामावरून आला तो सांगत आला की चार वस्त्यांना रक्त तपासायच्या खोल्या मिळणार. बोटाला टोचायचं, पाव तासात ताप कसला ते कळतं, गोळ्या तिथंच. दवाखान्याच्या भिंतीवर यादी लागली होती. आपली रांग त्यात नव्हती.

मला कुणी यादीतून वगळलेलं मी सहन करत नाही. दुसऱ्या दिवशी धाकटीला घेऊन निघाले. ती दहावी झालेली, कागद वाचायला बरी. दोन बस बदलून ऑफिसात पोचलो. लांबट खोली, पंखा नुसता आवाज करणारा, टेबलांवर फॉर्मचे गठ्ठे सुतळीनं बांधलेले, आणि गाठी इतक्या वाईट की माझे हात शिवशिवले. एका गठ्ठ्यामागं फॉर्मवाली.

"आमच्या मागं तो खड्डा आहे तो तुम्हाला दिसला नाही का," मी सुरू केलं. "का डोळे पिशवीत घालून फिरत होतीस?"

तिनं मला बसायला खुर्ची दिली. रागावलेल्या माणसाला खुर्ची दिली की त्याचा अर्धा राग जातो, हे तिला ठाऊक असावं. म्हणाली, "दिसला, आजी. पण खोली खड्डे मोजून मिळत नाही. हिवतापानं किती माणसं गेली ते मोजून मिळते."

"मग?"

"तुमच्या रांगेत दोन वर्षांत अकरा मृत्यू. त्यात सात अटॅक. हिवताप शून्य."

मी धाकटीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती.

"सात अटॅक बघून आम्हालाही शंका आली," फॉर्मवाली म्हणाली. "त्यात एक लहान मूल आहे. आमची रीत अशी आहे, मी फक्त काय काय झालं ते लिहिते. आजाराचं नाव मी काढायचं नाही, घरच्यांच्या तोंडात घालायचं नाही. मग तो कागद दोन डॉक्टर वेगवेगळे वाचतात, एकमेकांचं मत न बघता. दोघांचं जमलं तर ते कारण धरतात. नाही जमलं तर तिसरा. पण कागदावरच ताप नसला तर त्यांनी तो आणायचा कुठून?"

"म्हणजे दोन सासवांनी वेगवेगळं जाऊन एकच मुलगी बघायची."

"तसंच. आणि मुलीनंच खोटं सांगितलं तर दोघी फसल्या."

बोलायला तिखट होती पोरगी. मला आवडली आणि राग पण आला. तिनं माझा फॉर्म काढून समोर ठेवला. 'ताप : नाही'. खाली माझी सही, ठसठशीत.

"चुकलं असेल तर परत घेता येतं," ती हळू आवाजात म्हणाली. "शुक्रवारी गठ्ठे बंद होतात. पण या वेळी ज्यानं आजाऱ्याजवळ बसून केलं त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी बाहेर. मध्ये कुणी बोललं तर तो फॉर्म मी फाडते."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी, धाकटी शेजारी. ती म्हणाली, "आई, दहा महिने झोपताना मी उशीला तोंड लावून म्हणते, ताप होता, ताप होता. कुणाला तरी सांगायचं म्हणून."

मी दोघींची तिकिटं घडी करत बसले.

घरी पोचायच्या आत शेजारीण आली. हिला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण बंद करायचं बटण तुटलेलं आहे. तिची नऊ वर्षांची पोर आमच्या धाकट्यानंतर महिन्यानं गेली होती. मी तिला सरळच विचारलं, "पोरीचं फॉर्मवर काय सांगितलंस?"

"अटॅक."

"नऊ वर्षांच्या पोरीला अटॅक येतो का गं?"

"मग काय सांगू, मावशी? तुमच्या घरात अटॅक आणि आमच्या घरात ताप? लोक म्हणतील मुकादमीणबाईंनी मुलाकडं बघितलं आणि आम्ही पोरीकडं बघितलं नाही." मग तिच्या लक्षात आलं की तोंडावर मुकादमीण म्हणाली, आणि रेडिओ बंद पडला.

त्या दिवशी मला कळलं की शून्य कुणी लिहिलं. ऑफिसनं नाही, फॉर्मवालीनं नाही. एक मी बोलले आणि पाच घरांनी री ओढली.

बुधवारी सकाळी फॉर्मवाली आली. मी घर झाडून ठेवलं होतं. धाकटी तिच्यासमोर बसली, आणि मी उंबऱ्याबाहेर, पायावर ताडपत्री, हातात दाभण, दार उघडं. तोंडात सुपारीएवढा खडा धरला होता. थोरल्यानं विचारलं, हे काय. म्हटलं, कुलूप.

आतून ऐकू येत होतं.

"ताप किती दिवस होता?"

"पहिल्यांदा दोन. मग अठरा दिवस नव्हता. मग परत एक."

"ताप यायच्या आधी काय व्हायचं?"

"थंडी. अशी की ग्लास धरता यायचा नाही. मग ताप, मग घाम. घाम आला की बरं वाटायचं, भूक लागायची."

"डोळे?"

"पिवळे. शेवटच्या दिवशी लघवी चहासारखी. मला ओळखलं नाही. ताई म्हणाला." ती थांबली. "मग झटके आले. दोन. दुसरा डंपरमध्ये."

यातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं. लघवीचं ठाऊक नव्हतं. मी घरात होते, हुकूम सोडत होते, पण भांडं तिनं उचललं होतं. दाभण माझ्या बोटात गेलं. मी हूं केलं नाही.

मग तो प्रश्न आला. "औषध दिलं होतं का?"

"हो. गोळ्या."

"पूर्ण घेतल्या?"

आत काही आवाज नाही. मला ठाऊक होतं ती कशाला थांबली. माझ्यासाठी थांबली. मी तिला दहा महिने गप्प बसवलं आणि आता ती माझी लाज सांभाळत होती. फॉर्मवालीनं परत विचारलं, तेवढ्याच शांतपणे. धाकटीनं परत उत्तर दिलं नाही.

मी बोलले असते तर फॉर्म फाटला असता. नाही बोलले तर उत्तर राहिलं असतं, आणि दोन डॉक्टरांना वाटलं असतं, पूर्ण गोळ्या घेऊनही असं झालं म्हणजे आजार दुसराच. मी उठले. उंबऱ्यातून हात घालून दाराशेजारच्या फळीवरचा डबा काढला. तिथंच खाली वाकले आणि डबा जमिनीवरून आत सरकवला. तो दोघींच्या मध्ये जाऊन थांबला. मी परत जागेवर येऊन बसले. खडा तोंडातच.

झाकण उघडल्याचा आवाज आला. पाकिटाच्या चंदेरी कागदाचा आवाज आला.

धाकटी म्हणाली, "बारा राहिल्या. ताप उतरला म्हणून आम्ही थांबवल्या."

"बारा," फॉर्मवालीनं लिहिलं.

फॉर्म संपून सही झाल्यावर मी खडा थुंकला आणि आत गेले. "ती आम्ही म्हणाली. आम्ही नाही, मी थांबवल्या. तसं लिही."

"कुणी थांबवल्या याला रकाना नाही, आजी."

"मग कर."

"देशभर किती घरांत थांबवल्या एवढंच त्यांना हवंय. कुणाच्या हातानं, ते नको." तिनं पेन बंद केलं. "बोट बांधा. रक्त येतंय."

धाकटीनं माझं बोट बांधलं. गाठ घट्ट मारली, जरा जास्तच घट्ट. तेवढं तिचं माझ्याकडं येणं होतं.

शुक्रवारला दोन दिवस. मी डबा काखेत मारला आणि पहिल्यांदा रेडिओकडं गेले.

"माझा मुलगा तापानं गेला," मी म्हटलं. "मी गोळ्या बंद केल्या होत्या. फॉर्मवर मी खोटं सांगितलं. आता खरं लिहून दिलंय."

ती चुलीसमोरून उठली नाही. "आज ताप म्हणता, मावशी. परवा अटॅक म्हणत होतात. उद्या काय म्हणायचं ते आताच सांगून ठेवा, आम्हाला पाठ करायला बरं."

"बोल. अजून बोल. माझं ऐकायचं बाकी आहे."

ती बोलली. पाव तास बोलली. गोळी बंद करायला तिला कुणी शिकवलं ते बोलली. मी उभी राहून सगळं ऐकलं. ऐकून घेण्याचा मला सराव नाही, पाय दुखले. संपल्यावर ती आत गेली आणि स्वतःचा डबा घेऊन आली. त्यात लहान मुलांच्या गोळ्या होत्या, सहा, पिवळ्या. झाकणावर पोरीनं खडूनं फूल काढलेलं होतं. तिनं डबा माझ्या हातात दिला नाही, नुसता दाखवला.

"ती बाई पोरीचं नाव विचारेल का?"

"विचारेल."

"मग पाठवा."

पाच घरं केली. दोन घरांनी दार लावून घेतलं, मी दारापुढं ताडपत्री पसरून शिवत बसले. चार तासांत कुठलंही दार उघडतं, माणसाला पाण्याला तरी जावं लागतं. शेवटी टायरवाला स्वतः चालत आला. म्हणाला, "मावशी, माझ्या भावाचं पण ताप लिहून घ्या. आकडा वाढला तर खोली लवकर मिळेल."

"तुझा भाऊ जॅक लावताना छाती धरून पडला. मी तिथं उभी होते."

"एकानं काय होतंय?"

"एका खोट्यानं शून्य झालं, तेवढं पुरे. तुझा भाऊ अटॅकनं गेला, त्याला त्याच्या जागी राहू दे."

तो हिरमुसला. जाताना म्हणाला, "पाठीमागं तुम्हाला उगाच मुकादमीण म्हणत नाहीत." पुढून ऐकायला मिळालं, बरं वाटलं.

शुक्रवारी दुपारी रेडिओचा फॉर्म सगळ्यात शेवटी झाला. ती आत बसली, मी उंबऱ्याबाहेर. मला वाटलं होतं संध्याकाळ होईल. पण ती एकेका प्रश्नाला एकेक शब्द बोलली. थंडी, हो. झटके, हो. गोळ्या, सहा उरल्या. पोरीचं नाव मात्र तिनं दोनदा सांगितलं, आणि फॉर्मवालीनं लिहिलेलं धाकटीकडून वाचून घेतलं.

दीड महिन्यानं दवाखान्याच्या भिंतीवर नवा कागद लागला. मी स्वतः गेले. वाचायला वेळ लागतो, पण आकडे मला चांगले येतात. आमच्या रांगेपुढं शून्य होतं तिथं पाच होतं. एका कागदावर दोन डॉक्टरांचं जमलं नव्हतं, तो तिसऱ्याकडं गेला होता. कागद लावायला आलेल्या फॉर्मवालीला मी विचारलं, या पाचात माझा कोणता.

"इथं नावं नसतात, आजी. हे पाच तालुक्याच्या आकड्यात जातात, तालुका जिल्ह्यात, मग देशाच्या."

"म्हणजे देशाच्या आकड्यात तो आहे."

"आहे."

मी त्या पाचावर बोट ठेवलं. बांधलेलं बोट बरं झालं होतं, दाभणाची खूण राहिली होती. जितका वेळ ठेवायचं तितका वेळ ठेवलं. मागं रांग लागली होती. लागू दे.

खोली मिळाली. पाण्याच्या टाकीशेजारी, दहा बाय दहाची, धाकटी तिथं कामाला लागली. बोट टोचायला तिलाच शिकवलंय. डब्यांतल्या उरलेल्या गोळ्या तिनं सगळ्या घरांतून गोळा करून दवाखान्यात जमा केल्या. माझ्या रिकाम्या डब्यात आता दाभणं असतात.

गेल्या आठवड्यात थोरल्याला थंडी भरली. टोचलं, निघाला हिवताप, मिळालं पाकीट. दुसऱ्या दिवशी दुपारी घाम फुटला, आणि सहा फुटांचा डंपर ड्रायव्हर माझ्यासमोर उठून बसून म्हणाला, "उतरला, आई. आता कशाला गोळी? तोंड कडू होतं."

मी पाकीट पुढं केलं. चार गोळ्या तळहातावर, पाणी दुसऱ्या हातात.

"उतरलाय म्हटलं ना."

"ऐकलं. गीळ."

त्यानं गिळल्या. मी तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली. धाकटी दारात उभी राहून हसत होती. चोविसावी गोळी पोटात जाईपर्यंत मी त्याच्या खाटेशी ताडपत्री घेऊन बसले, आणि ती गेल्यावर रिकामं पाकीट उन्हात धरून एकेक खण बघितला.